बेळगाव भागात प्रयोगशाळेची इमारत बांधताना: आधी हवा, मग भिंती, मग पाणी

महाविद्यालयाची रसायनशाळा असो, साखर कारखान्याची असो किंवा माती-पाणी तपासणीची, ‘पर्यावरणपूरक इमारत हवी’ असं ठरलं की संस्थेच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो छतावरच्या सोलर पॅनेलचा. पॅनेल जरूर बसवा, पण सगळ्यात शेवटी. प्रयोगशाळा कार्यालयापेक्षा कितीतरी पट वीज खाते आणि त्याचं मुख्य कारण हवा आहे. कार्यालयातली थंड केलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवता येते. आम्लाची किंवा द्रावकाची वाफ मिसळलेली हवा मात्र परत आत घेता येत नाही, ती बाहेरच टाकावी लागते आणि तिच्या जागी तेवढीच नवी हवा आणावी लागते. म्हणून नकाशाची पहिली रेघ ओढण्याआधी एक आकडा पक्का करा: इमारतीतून ताशी किती हवा बाहेर जाणार?

फ्यूम हूड मोजून घ्या

फ्यूम हूड म्हणजे घातक वाफ ओढून बाहेर टाकणारं, समोर वर-खाली सरकणारी काच असलेलं कपाट. १.८ मीटर रुंदीच्या हूडचं आतलं तोंड साधारण १.६ मीटर भरतं. काच ४५ सेंमी उघडली तर तोंडाचं क्षेत्रफळ ०.७२ चौ.मी. होतं. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर धरला, तर एक हूड ताशी सुमारे १,३०० घनमीटर हवा ओढतो. असे आठ हूड एकदम चालले तर ताशी १०,४०० घनमीटर. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३६ अंश आणि आत २६ अंश ठेवायचं असेल, तर नुसती ही बदली हवा थंड करायला ३० किलोवॅट, म्हणजे साडेआठ टनांचं यंत्र लागेल. माणसं, दिवे, ओव्हन यांची उष्णता त्यावर वेगळी.

इथे एक बारकावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात इथल्या हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोच्या आसपास असते. ब्लोअरच्या कॅटलॉगमधले दाबाचे आकडे १.२ घनतेचे असतात, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना इथे दाब कमी मिळतो. ऑर्डर देताना उंची आणि तापमान लिहून कळवा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात हूड ओढत नाही अशी तक्रार येते आणि कुणीतरी मोठी मोटर बसवून वीज वाढवून ठेवतो.

आकडा कमी करायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही कागदावर असतानाच वापरायचे.

पहिला, हूडची संख्या. प्राध्यापकांना ‘किती हूड हवेत’ असं विचारू नका, प्रयोगांची यादी मागा. केल्डालचं डायजेशन (नत्र मोजण्यासाठी नमुना आम्लात उकळणं), तीव्र आम्लं ओतणं, द्रावकांचं निष्कर्षण याला हूड लागतोच. टायट्रेशन, पीएच, गढूळपणा, क्षारता याला लागत नाही. हूडची निम्मी जागा बाटल्या ठेवण्यात अडकते, हे नेहमीचं दुखणं आहे. बाटल्यांसाठी हवा ओढून घेणारं वेगळं कपाट द्या. त्याला ताशी शंभर घनमीटरच्या आत हवा पुरते, आणि रात्री हूड बंद करता येतो. बाटल्या हूडमध्येच राहिल्या तर तो चोवीस तास चालवावा लागतो.

दुसरा, काचेला अटकाव. ३० सेंमीवर थांबेल असा खटका बसवला आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग उतरवला, तर हवा एक तृतीयांश कमी लागते. तोंडाशी हवेचा वेग मात्र सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली नेऊ नका, तिथे बचत संपते आणि धोका सुरू होतो.

तिसरा, ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. हवेचा प्रवाह दोन तृतीयांशावर आणला की पंख्याची वीज हिशेबाने तीस टक्क्यांवर येते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, तरी व्हीएफडीचा खर्च वसूल होतो. डँपर (डक्टमधली झडप) अर्धवट बंद करून हे साधत नाही, तिथे पंखा दाबाशी झगडत राहतो.

बदली हवा कुठून येणार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हूड ओढतोय, पण खोलीत हवा यायला वाटच नाही, मग दार उघडायला जोर लागतो आणि हूड उपाशी राहतो. कंटाळून कुणीतरी खिडकी उघडतं, वाऱ्याची झुळूक हूडच्या तोंडावर येते आणि वाफ बाहेर पडते. छताचा पंखा हूडजवळ असला तरी तेच होतं. हूडपासून दोन मीटरच्या आत छताचा पंखा नको, दाराच्या सरळ रेषेत हूड नको, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. खोलीच्या आतल्या टोकाला, रहदारीपासून दूर बसवा.

दोन हूडच्या खोलीला ताशी २,६०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.७२ घनमीटर हवा लागते. हूडच्या समोरच्या भिंतीत लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची जाळी) द्या. हवेचा वेग सेकंदाला १ मीटर ठेवायचा तर मोकळं क्षेत्र ०.७२ चौ.मी. लागतं. लूव्हरच्या पट्ट्या निम्मी जागा अडवतात, म्हणून लूव्हर १.४५ चौ.मी.चा. आतल्या बाजूला धुता येणारी जाळी-गाळणी बसवा. मार्च ते मे लाल धूळ इतकी असते की दर पंधरा दिवसांनी ती धुवावी लागते, तेव्हा ती शिडीशिवाय हाताला यायला हवी. यंत्राने हवा आणत असाल तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या नव्वद टक्के आणा. उरलेली दारांच्या फटींतून येते, खोलीत दाब किंचित कमी राहतो आणि वास व्हरांड्यात जात नाही.

बेळगावच्या हवेचा फायदा इथे घ्या. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, म्हणून बदली हवा डक्टेड कूलरच्या ओल्या पॅडमधून आणली तर एसीशिवाय काम चालतं. मृगाचा पाऊस लागला की पॅडचं पाणी बंद आणि नुसता पंखा सुरू. पावसाळ्यात पॅड ओलं ठेवलं तर आर्द्रता वाढते आणि बुरशी धरते. एसी ठेवा तो फक्त उपकरणांच्या खोलीला: स्पेक्ट्रोफोटोमीटर, तराजू, क्रोमॅटोग्राफ. त्यांना पावसाळ्यात थंडाव्यापेक्षा कोरडेपणा हवा असतो. तराजूच्या टेबलावर एसीची झुळूक पडता कामा नये. तराजूची खोली तळमजल्यावर, उत्तरेला.

धुराड्याबद्दल. ब्लोअर छतावर ठेवा, खोलीत नाही. मग इमारतीतला सगळा डक्ट ओढीखाली राहतो आणि सांधा फुटला तरी वाफ खोलीत गळत नाही. धुराडं छताच्या वर निदान ३ मीटर आणि तोंडाशी वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास. पाऊस आत जाईल म्हणून वर शंकूची टोपी बसवण्याची सवय आहे. ती टोपी वाफ खाली छतावर ढकलते. टोपीऐवजी तोंडाभोवती मोठ्या व्यासाची बाही बसवा आणि तळाला निचऱ्याची नळी काढा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि हिवाळ्यात पूर्वेचा, म्हणून हवा आत घेण्याचं तोंड धुराड्याच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवलं तर वर्षातला एक ऋतू वाफ परत आत येते. ते उत्तरेला किंवा दक्षिणेला, शक्य तितकं दूर ठेवा.

आम्लाच्या हूडला डक्ट पीव्हीसी किंवा पीपी-एफआरपीचा (फायबरग्लास चढवलेल्या प्लास्टिकचा), द्रावकांच्या हूडला स्टेनलेस स्टीलचा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्त पडतो म्हणून वापरला तर आम्लाच्या वाफेने काही पावसाळ्यांतच चाळण होतो. द्रावकांच्या साठ्याच्या खोलीत वाफ जमिनीलगत साचते, कारण ती हवेपेक्षा जड असते. तिथली ओढ जमिनीपासून ३० सेंमीच्या आत घ्या.

खोल्या, ऊन आणि पाऊस

इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा. ओल्या प्रयोगशाळा (जिथे द्रावणांचं काम चालतं त्या) उत्तर-दक्षिण बाजूंना, जिना, स्वच्छतागृह, कोठार आणि डक्टचे शाफ्ट पश्चिमेला. पावसाची झड पश्चिमेकडूनच येते आणि दुपारचं ऊनही. ओव्हन, मफल भट्टी, ऑटोक्लेव्ह यांची एक वेगळी ‘गरम खोली’ करा आणि तिला साधा एक्झॉस्ट द्या. ही यंत्रं एसीच्या खोलीत ठेवणं म्हणजे एकाच बिलात तापवणं आणि थंड करणं दोन्ही भरणं.

२१ डिसेंबरला दुपारी इथे सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. दीड मीटर उंच खिडकीला त्या दिवशी पूर्ण सावली द्यायची तर सव्वा मीटरचा छज्जा लागेल, तो कुणी बांधत नाही. त्याऐवजी खिडकीचे ७५ सेंमीचे दोन भाग करा आणि प्रत्येकावर ६० सेंमीचा छज्जा घाला. दुपारचं ऊन वर्षभर ओट्यावर पडत नाही आणि सिल्व्हर नायट्रेटसारखी द्रावणं खराब होत नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो आणि जूनमध्ये मावळताना तो पश्चिमेच्या २४ अंश उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांना ४५ सेंमीच्या उभ्या पट्ट्या द्या. ओटे खिडकीला काटकोनात लावा, म्हणजे काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातावर पडत नाही. खिडकीचा माथा २.७ मीटरवर असेल तर उजेड साडेसहा मीटर आतपर्यंत उपयोगी पडतो. खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर त्याहून जास्त नको.

चिरा, वीट, छप्पर

बेळगाव-खानापूरला जांभ्याचा चिरा जवळच मिळतो आणि तो भाजावा लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या भिंतींना त्याच्यासारखं दुसरं साहित्य नाही. पण तो पारखून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे दाबशक्ती चौरस मिमीला ३.५ न्यूटनपेक्षा कमी नको आणि पाणी शोषण १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. खाणीतून काढलेला चिरा उघड्यावर ठेवला की हवेने घट्ट होतो, म्हणून ताजा कापलेला लगेच लावू नका. सांध्यात १:१:६ सिमेंट-चुना-वाळूचा माल चांगला. कडक सिमेंटच्या मालाने चिऱ्याच्या कडा फुटतात. ओल्या प्रयोगशाळेत आतून उघडा चिरा ठेवू नका. तो सांडलेलं पितो आणि धूळ सोडतो. आतून गिलावा आणि ओट्याच्या वर ६० सेंमीपर्यंत इपॉक्सी किंवा टाइल.

चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाकच्या काळ्या मातीच्या भागात चिरा लांबून आणण्याऐवजी बाहेरच्या भिंतींसाठी विटेचा रॅट-ट्रॅप बाँड (विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत) बघा. विटा आणि माल सुमारे पाव हिस्सा वाचतो आणि मधल्या पोकळीने उष्णता अडते. खानापूरला विटा-कौलांचा धंदा जुना आहे, कारागीर मिळतात; मात्र हा बाँड गवंड्याकडून आधी एक मीटर भिंत बांधून तपासून घ्या. पोकळीत माल पडत राहिला तर फायदा निघून जातो.

छतावर पाणी गळण्याची जागा जवळजवळ नेहमी डक्टच्या भोकाशी असते. सगळे डक्ट आणि पाइप एक-दोन ठिकाणीच वर काढा आणि त्या भोकांभोवती स्लॅबबरोबरच ३० सेंमी उंच आरसीसीचा कठडा ओता. वॉटरप्रूफिंग झाल्यावर भोक पाडलं की पुढची वीस वर्षं डांबर ओतत बसावं लागतं. शाफ्टला प्रत्येक मजल्यावर माणूस शिरेल एवढं, ७५ सेंमीचं दार हवं आणि पाचवा हिस्सा जागा रिकामी हवी, कारण नंतर पाइप वाढतातच.

पाणी

साधा डिस्टिलेशन प्लँट एक लिटर शुद्ध पाण्यासाठी पाऊण युनिट वीज घेतो आणि थंड करणारं पाणी ४० अंशांनी तापेल असं धरलं तरी तेरा-चौदा लिटर गटारात सोडतो. त्यासाठी २,००० लिटरची टाकी आणि छोटा पंप लावून तेच पाणी फिरवा. आठ लिटर डिस्टिल्ड पाणी काढल्यावर टाकीचं तापमान फक्त दोन अंशांनी वाढतं आणि रात्रीत उतरतं. गाळणीसाठी नळाला लावायचा अ‍ॅस्पिरेटर मिनिटाला आठेक लिटर पाणी घालवतो. दहा मुलांनी अर्धा तास वापरला की २,४०० लिटर गेले. त्याऐवजी तेलविरहित डायफ्राम पंप बसवा.

५०० चौ.मी. छपरावर १,२०० मिमी पाऊस आणि ०.८ गुणांक धरला तर वर्षाला ४.८ लाख लिटर पाणी येतं. अथणीकडे पाऊस निम्म्याच्या आसपास, कणकुंबी-जांबोटीकडे कितीतरी पट, म्हणून आकडा आपल्या गावाचा घ्या. एका ११० मिमी पाइपवर ४० चौ.मी.पेक्षा जास्त छप्पर टाकू नका. पहिल्या २ मिमी पावसाचे हजार लिटर वेगळे सोडा. धुराड्यांच्या आसपासच्या छपराचं पाणी साठवणीत घेऊ नका, त्यावर आम्लाचे थेंब बसलेले असतात. साठवलेलं पाणी कंडेन्सर, फ्लश आणि बागेसाठी.

बचत करताना आणीबाणीच्या शॉवरला हात लावू नका. तो मिनिटाला ७५ लिटरने पंधरा मिनिटं चालला पाहिजे, म्हणजे सुमारे १,१०० लिटर. वीज गेली तरी हे पाणी वरच्या टाकीतून उताराने यावं. त्या टाकीतून नेहमीच्या वापराची नळी या पातळीच्या वरूनच काढा.

सांडपाणी: इथे तडजोड नको

बेळगावची लाल, जांभ्याची जमीन पाणी झपाट्याने आत घेते. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येत असलं तरी विहिरी आजही लागतात. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर त्यातलीच एक. जी जमीन पुनर्भरणाला चांगली, तीच प्रयोगशाळेचं पाणी शेजारच्या विहिरीत नेऊन पोचवते. प्रयोगशाळेचं सिंक शोषखड्ड्याला जोडणं पूर्ण बंद. काळ्या मातीत त्रास वेगळा: जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पुरलेल्या पाइपचे सांधे निखळतात. दोन्हीकडे उपाय तोच. सिंकचे पाइप पीपी किंवा वितळवून जोडलेल्या एचडीपीईचे, आणि ते मातीत न पुरता काढता येणाऱ्या झाकणांच्या काँक्रीटच्या चरातून न्या. गळती डोळ्यांना दिसली पाहिजे.

आम्लपाण्याच्या खड्ड्यात चुनखडीचे २५ ते ७५ मिमीचे तुकडे घालतात. लोकापूर-यादवाडकडे चुनखडक भरपूर आहे, त्यामुळे ते स्वस्त पडतात. एक लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाला सुमारे ६०० ग्रॅम चुनखडी लागते, हा हिशेब धरून भरणा ठरवा. सल्फ्युरिक आम्ल मात्र तुकड्यांवर जिप्समचा थर चढवतं आणि मग खड्डा भरलेला दिसतो पण काम करत नाही. त्या आम्लासाठी ढवळणीची टाकी आणि विझवलेला चुना वापरा, तीव्र आम्लाच्या लिटरला सव्वा ते दीड किलो. सोडताना पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये हवा.

जड धातू या खड्ड्यात कधीच जाऊ नयेत. माती तपासणीत सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक पद्धत चालते: प्रत्येक नमुन्याला १० मिली डायक्रोमेट आणि २० मिली सल्फ्युरिक आम्ल. दिवसाला शंभर नमुने झाले तर पातळ झालेलं सुमारे २५ लिटर क्रोमियमयुक्त पाणी निघतं. ओट्याखाली ५० लिटरच्या कॅनची जागा आणि गळती धरणारा ट्रे नकाशातच दाखवा. टायट्रेशन पूर्ण झालेल्या पाण्यातलं क्रोमियम त्रिसंयुज असतं, ते चुन्याने पीएच ८ ते ९ वर आणलं की साका बसतो. उरलेलं ताजं डायक्रोमेट आधी पीएच २ ते ३ ला बायसल्फाइटने उतरवावं लागतं, नुसत्या चुन्याने त्याचा साका बसत नाही. सीओडीच्या (पाण्यातलं प्रदूषण मोजायच्या चाचणीच्या) पाण्यात पारा आणि चांदी असते, त्याचा कॅन वेगळा. साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला शिशाचं अ‍ॅसिटेट वापरत असाल तर शिसेविरहित पावडरीकडे वळा. कचराच न होणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. साका आणि कॅन ठेवायला छपराखाली, उंबरा घातलेली खोली लागते, कारण नियमाप्रमाणे घातक कचरा ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो आणि तो अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच द्यावा लागतो. कॅनवरची नावं कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहा. कॅन उचलणारा माणूस ज्या भाषेत वाचतो ती भाषा त्यावर असलीच पाहिजे.

मग सोलर

एवढं झाल्यावर इमारतीचा भार उतरलेला असतो, तेव्हा पॅनेल मोजा. दक्षिणेला १५-१६ अंश उतार, किलोवॅटला वर्षाला सुमारे १,४०० युनिट. पॅनेल धुराड्यांपासून दूर, वाऱ्याच्या दोन्ही दिशा टाळून. जून ते ऑगस्ट उत्पादन पडतं, म्हणून वीज कंपनी हेस्कॉमच्या जोडणीचा करार पावसाळ्याच्या भारावर ठरवा.

ताब्यात घेताना

शेवटचं बिल देण्याआधी हे प्रत्यक्ष करून बघा. सगळे हूड एकदम चालू करून प्रत्येकाच्या तोंडाशी नऊ ठिकाणी वेग मोजा; कुठलाही आकडा सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त खाली-वर नको. धुराची कांडी तोंडाशी धरून कुणालातरी मागून चालायला सांगा आणि धूर बाहेर येतो का बघा. मुख्य दार एका हाताने उघडतं का ते तपासा. सिंकमध्ये रंगीत पाणी सोडून ते फक्त आम्लाच्या खड्ड्यातच येतं, पावसाच्या गटारात दिसत नाही, याची खात्री करा. एखादं सिंक चुकीच्या पाइपला जोडलेलं सापडतं ते याच चाचणीत. मुख्य वीज बंद करून शॉवर पंधरा मिनिटं चालवा. छताची आणि चरांची तपासणी मात्र एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून ठेकेदाराच्या अनामतीतला काही भाग ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवण्याचं कलम करारातच घाला.